ग्रूमरचा दाब, डॉक्टरचं बोट, घरचा इसबगोल : कुत्र्याच्या ॲनल ग्लँडसाठी काय घ्यावं, काय टाळावं

ग्रूमिंगच्या दरपत्रकात आंघोळ, नखं आणि कान यांच्या खाली एक ओळ हमखास असते : ‘ॲनल ग्लँड क्लीनिंग’, म्हणजे गुदद्वाराशेजारच्या ग्रंथी दाबून रिकाम्या करणं. पॅकेजमध्येच आहे म्हटल्यावर बहुतेक जण ती करूनही घेतात. आमचं मत आधीच सांगतो. ज्या कुत्र्याला काही त्रास नाही, त्याच्या ग्लँड दाबू नका, दाबू देऊ नका. पॅकेजमध्ये फुकट मिळत असलं तरी “ते सोडून बाकी सगळं करा” असं स्पष्ट सांगा. आणि ज्याला खरोखर त्रास आहे, त्याचं काम ग्रूमरच्या टेबलावर होत नाही, त्याला डॉक्टरच लागतो.

असं का, ते कळायला रचना थोडी समजून घ्यावी लागते. आपण ‘ग्लँड’ म्हणतो ती खरं तर पिशवी असते. गुदद्वार हे घड्याळाची तबकडी मानलं, तर चारच्या आणि आठच्या काट्यावर एकेक पिशवी असते. ती आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन गोल स्नायूंच्या मधे दडलेली असते. लहान कुत्र्यात वाटाण्याएवढी, मोठ्यात द्राक्षाएवढी. ग्रंथी असतात त्या या पिशवीच्या भिंतीत, आणि त्यांचा उग्र मासळी वासाचा स्राव पिशवीत साठतो. पिशवीचं तोंड एका बारीक नळीने गुदद्वाराच्या कडेशी उघडतं. घट्ट शी बाहेर पडताना पिशवीवर दाब येतो, थोडा स्राव बाहेर पडतो आणि काम आपोआप होतं. कुत्री एकमेकांची मागची बाजू हुंगतात, ती बऱ्याच अंशी याच वासासाठी.

बिघाड होतो तो तीनपैकी एका जागी : शी सैल असल्यामुळे दाब येत नाही, स्राव दाट होतो, किंवा नळीचं तोंड सुजून बंद होतं. आधी पिशवी तुंबते, मग सुजते, मग त्यात जंतुसंसर्ग होऊन गळू होतं आणि ते कातडी फोडून बाहेर येतं. या चार पायऱ्यांना चार वेगळे उपाय आहेत. बाजारातल्या सेवा मात्र बहुतेक वेळा सगळ्यांवर एकच उपाय विकतात, तो म्हणजे दाबणं.

ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षभरात साधारण ४.४ टक्के कुत्र्यांना ग्लँडचा त्रास झालेला दिसला. कॅव्हेलियर, शिह त्झू, बिशाँ फ्रीझ, कॉकर स्पॅनियल या जाती त्यात पुढे होत्या. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत प्रमाण जास्त होतं. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव कुत्र्यांची पिशवी वर्षभर आपली आपण रिकामी होत असते. त्या पंच्याण्णव कुत्र्यांना दर महिन्याला दाबण्याची गरजच काय?

ग्रूमरकडची सेवा

ग्रूमर करतो ती बाहेरून दाबण्याची पद्धत. शेपूट वर धरायची, टिश्यू किंवा कापूस गुदद्वारावर ठेवायचा, अंगठा आणि पहिलं बोट चार आणि आठच्या जागी थोडं खाली लावून आत आणि वर असा दाब द्यायचा. हलक्या हाताने केलं आणि स्राव पातळ असला, तर त्यातला बराचसा बाहेर येतो. एवढं मात्र मान्य करायला हवं.

अडचणी तीन. पहिली, पिशवी स्नायूच्या आड असते, त्यामुळे बाहेरून दाबून ती क्वचितच पूर्ण रिकामी होते. तळाशी राहतो तो सर्वांत दाट भाग, म्हणजे ज्याच्यामुळे तुंबतं नेमका तोच. दुसरी, बोटाला आतून काही लागत नाही. पिशवीची भिंत जाड झाली आहे का, आत कडक गाठ आहे का, दुसरी बाजू रिकामी आहे की भरलेली, हे बाहेरून कळत नाही. तिसरी अडचण सर्वांत वाईट. स्राव दाट असला आणि नळी बंद असली, की “निघत नाहीये” म्हणून जोर वाढवला जातो. त्याने पिशवीच्या भिंतीला इजा होते, सूज येते, नळी आणखी आवळते. पंधरा दिवसांनी तोच कुत्रा पुन्हा जमिनीवर बूड घासत येतो (ग्लँड भरल्याची ही नेहमीची खूण) आणि मग सांगितलं जातं, “याला दर महिन्याला करावं लागतं.” ज्याला मुळात त्रास नव्हता, तोसुद्धा असा गिऱ्हाईक होऊन बसतो.

रंगाच्या बाबतीतही फसगत होते. टिश्यूवरचा तपकिरी डाग दाखवून “बघा, किती घाण होती” म्हटलं जातं. निरोगी कुत्र्याचा स्राव पाण्यासारख्या फिकट पिवळ्यापासून राखाडी-तपकिरीपर्यंत कोणत्याही रंगाचा असू शकतो, आणि पातळ ते मलईसारखा कसाही असतो. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पिशवीतही जंतू आणि थोड्या पांढऱ्या पेशी दिसतात. नुसत्या रंगावरून आजार ठरत नाही. टिश्यूवर रक्त, पिवळा-हिरवा पू किंवा टूथपेस्टसारखी न तुटणारी दाट वळी दिसली, तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

चांगला ग्रूमर कसा ओळखायचा? तो विचारल्याशिवाय ग्लँडला हात लावत नाही, सूज किंवा लाली दिसली तर काम थांबवून मालकाला दाखवतो, आणि एकदा हलका दाब देऊन काही आलं नाही तर दुसऱ्यांदा जोर लावत नाही. असे ग्रूमर आहेत, आणि त्यांच्याकडे आंघोळीला कुत्रा निर्धास्त पाठवावा.

दवाखान्यातलं बोट

आम्ही सर्वांत वरचे गुण देतो ते याला. आतून रिकामं करण्याला पाचेक मिनिटं लागतात आणि त्यात उपचार आणि तपासणी दोन्ही होतात. ते नीट झालं की नाही हे समोर उभ्या मालकाला कळायला हवं, म्हणून टप्पे सविस्तर देतो.

कुत्रा उभा हवा. एक जण पोटाखालून आणि मानेभोवती हात घालून त्याला अंगाशी धरतो. दुखत असेल तर गरीब कुत्राही चावतो, त्यामुळे तोंडाला मझल किंवा पट्टी बांधणं यात डॉक्टरचा कोणताही दुष्टपणा नाही. डॉक्टर हातमोजा घालतो, बोटाला भरपूर जेली लावतो. कोरड्या बोटाने कधीच नाही. पहिलं बोट हळूच आत जातं, अंगठा बाहेर राहतो, आणि पिशवी दोहोंच्या चिमटीत सापडते. मग तळाकडून नळीच्या तोंडाकडे, ट्यूबमधून मलम काढावं तसा सावकाश दाब. गॉज समोर धरलेला असतो, नाहीतर स्राव उडतो आणि कपड्यांवरचा तो वास दिवसभर जात नाही. एक बाजू झाली की दुसरी. रिकामी झालेली पिशवी बोटाला जवळजवळ लागत नाही. काहीतरी टणक लागत राहिलं तर ते काम अपुरं तरी आहे किंवा तिथे गाठ तरी आहे.

बोट आत असतानाच चांगला डॉक्टर आणखी दोन-तीन गोष्टी पाहून घेतो : नसबंदी न केलेल्या नराची प्रोस्टेट, वरच्या बाजूच्या लसीका गाठी (लिंफ नोड) वाढल्या आहेत का, आणि गुदद्वाराशेजारची भिंत सैल पडून हर्निया होतोय का. कागदावर डावी-उजवी वेगळी लिहिली गेली पाहिजे : कुठून किती निघालं, कोणत्या रंगाचं, किती दाट. दर वेळी एकच बाजू भरत असेल, तर त्याची चौकशी पुढे करावीच लागते, आणि नोंद नसेल तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही. नोंद मागून घ्या.

तालुक्याच्या गावी “इथे कुठला कुत्र्यांचा डॉक्टर” म्हणून लोक शहराची वाट धरतात. गरज नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींची गाभण तपासणी करून करून या कामात पक्का झालेला असतो. इथे फक्त एक बोट पुरतं. जाण्याआधी फोन करून कुत्र्याची वेळ विचारा, कारण सकाळी ते बहुतेक गुरांमागे बाहेर असतात.

पिशवी तुंबून स्राव पुट्टीसारखा घट्ट झाला असेल, तर बोटाने जोर करायचा नाही. सुई काढून टाकलेली बारीक आयव्ही कॅन्युला (शिरेतून सलाईन द्यायची मऊ नळी) पिशवीच्या नळीच्या तोंडात घालून कोमट नॉर्मल सलाईन थोडं थोडं सोडायचं, मऊ होऊ द्यायचं, मग हलक्या दाबाने काढायचं. धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालतं. सलाईन एकदम जोरात सोडलं तर पिशवी आतल्या आत फाटू शकते, म्हणून घाई नको. शेवटी त्याच कॅन्युलातून प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असलेलं मलम पिशवीत भरतात. दुखणाऱ्या कुत्र्याला यासाठी झोपेचं इंजेक्शन द्यावं लागतं. मालक त्याला घाबरतात, पण शुद्धीवर असलेल्या, वेदनेने आकसलेल्या कुत्र्यावर हे काम अर्धवटच होतं. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं जाईल, तेव्हा टाळू नका. नुसती तुंबलेली पिशवी असेल तर तोंडावाटे प्रतिजैविकाची गरज सहसा नसते. प्रत्येक वेळी गोळ्यांचा पूर्ण कोर्स लिहून मिळत असेल, तर कशासाठी ते विचारायला संकोचू नका.

आता गळू. गुदद्वाराच्या खाली एका बाजूला लाल-जांभळी, गरम सूज येते. कुत्रा बसत नाही, शेपूट उचलू देत नाही, कधी ताप येतो, जेवण सोडतो. एक-दोन दिवसांत ते फुटतं आणि रक्तमिश्रित पू वाहतो. मालकाला वाटतं, कुणीतरी चावलं. हे त्याच दिवशी दाखवायचं दुखणं आहे. फुटलं नसेल तर भूल देऊन छेद देतात, पोकळी सलाईनने किंवा ०.०५ टक्के इतक्या पातळ क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुतात आणि भोक उघडंच ठेवतात. टाके घालत नाहीत, कारण घाण बाहेर यायला वाट हवी. यात मात्र तोंडावाटे प्रतिजैविक लागतं, आणि कुत्र्यासाठीचं वेदनाशामकही. घरी दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं, मनगटाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाचा शेक. बहुतेक जखमा आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतात.

गळू फुटल्यावर घराघरांत होतात त्या चुका सांगितल्याच पाहिजेत. हळद आणि खोबरेल जखमेत ठासून भरू नका, वरचं तोंड बंद होतं आणि पू आत साठतो. डेटॉल, फिनेल, हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका. माणसांची दुखण्याची गोळी, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, देऊ नका. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की फार लवकर अळ्या पडतात, तेव्हा कुत्रा घरात ठेवा आणि दिवसातून दोनदा शेपूट उचलून उजेडात नीट बघा.

इसबगोल

किराणा दुकानात आणि औषधाच्या दुकानात मिळणारा साधा सत इसबगोल. या दुखण्यासाठी बाजारात जे काही मिळतं, त्यात आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू हीच आहे. गुजरातेतल्या उंझा-सिद्धपूर पट्ट्यातून तो सगळ्या जगात जातो, आणि परदेशी छापाच्या महागड्या ‘ग्लँड पावडर’च्या घटकांतही तो बहुतेक वेळा ‘सिलियम हस्क’ या नावाने सापडतो.

तो पाणी धरून ठेवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. सैल शी बांधली जाते, कडक शी मऊ होते आणि दोन्ही वेळा शीचा आकार वाढतो. जाड, घट्ट शी म्हणजे पिशवीवर नैसर्गिक दाब. औषधाचा सगळा डाव एवढाच आहे. पण हे लक्षात ठेवा, इसबगोल पुन्हा तुंबू नये म्हणून आहे. आज तुंबलेली पिशवी त्याने मोकळी होत नाही. आधी रिकामी करून घ्यायची, मग इसबगोल सुरू करायचा.

मात्रा अशी. पाच किलोच्या पोमेरेनियनला दिवसाला पाव ते अर्धा चहाचा चमचा, दहा किलोच्या बीगलला अर्धा ते एक, तीस किलोच्या लॅब्राडोरला दीड ते दोन, दोन जेवणांत विभागून. पहिल्या दिवशी पूर्ण मात्रा नको. तिच्या पाव भागापासून सुरू करायचं आणि दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यायचं. एकदम दिलं तर पोट फुगतं, वारा सुटतो आणि मालक दुसऱ्याच दिवशी डबा माळ्यावर टाकतो.

भिजवणं हा यातला खरा भाग. एका चमच्याला निदान अर्धा कप पाणी, दहा मिनिटं, म्हणजे चमच्याला चिकटणारी लपलपीत खळ तयार होते. ती जेवणात कालवायची. वरून कोरडा भुरभुरवलेला इसबगोल घशात किंवा पोटात फुगतो, आणि कुत्रा पाणी कमी पीत असेल तर उलट बद्धकोष्ठ होतं. पाण्याचं भांडं भरलेलं असू द्या. थायरॉइडची किंवा फिटची गोळी चालू असेल, तर ती इसबगोलाच्या आधी किंवा नंतर दोन तासांच्या अंतराने द्या. उलट्या होत असतील, कुत्रा कुंथतोय पण काहीच येत नाहीये, किंवा हर्निया आहे, अशा वेळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

विकत घेताना साधा, बिनचवीचाच घ्या. संत्र्याच्या चवीचे, ‘शुगर फ्री’ लिहिलेले डबे नकोत. काही बिनसाखरेच्या पदार्थांत झायलिटॉल असतो, आणि तो कुत्र्याला थोड्या मात्रेतही विषारी आहे. रक्तातली साखर झपाट्याने खाली येते.

बरोबर चाललंय की नाही, हे सांगते ती फक्त शी. कागदाने उचलल्यावर जमिनीवर जवळजवळ डाग राहू नये, आकार दंडगोल, वर बारीक भेगा, दाबल्यावर किंचित मऊ. चकचकीत, चिकट, जेलीसारखी आणि ढीगभर व्हायला लागली तर मात्रा जास्त झाली, अर्ध्यावर आणा. कडक, सुटे गोळे पडत असतील तर पाणी कमी पडतंय.

लाल भोपळ्याचं नाव इंटरनेटवर फार गाजतं, म्हणून त्याचा हिशेबच मांडू. एक चहाचा चमचा इसबगोल दीड-दोन ग्रॅम भरतो आणि त्यातला बराचसा भाग तंतूच (फायबर) असतो. उकडलेल्या भोपळ्यात शंभर ग्रॅमला साधारण एक ग्रॅम तंतू. म्हणजे एका चमच्याची बरोबरी करायला शंभर-दीडशे ग्रॅम भोपळा लागेल. पाच किलोच्या कुत्र्याचं पोट तेवढ्यानेच भरेल. भोपळा चविष्ट आहे, निरुपद्रवी आहे, कमी भुकेच्या किंवा जाड्या कुत्र्याला जेवणाचा भाग म्हणून जरूर द्या. पण “रोज एक चमचा भोपळा देतो, तरी फरक नाही” यात आश्चर्य काही नाही. गाजर, फरसबी उकडून, मीठ न घालता दिली तरी चालते. गव्हाचा कोंडा काही कुत्र्यांना इसबगोलापेक्षा जास्त मानवतो, पण धान्याची ॲलर्जी असलेल्यांना नको.

आणि इसबगोल चालू करताना ताटलीत बाकी काय जातंय तेही बघा. आपल्याकडची नेहमीची जेवणं म्हणजे दूध-पोळी, दही-भात, चिकनचं पाणी आणि भात. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर बहुतेक वेळा नीट पचत नाही आणि शी सैल राहते. भात-चिकनमध्ये तंतू जवळजवळ नसतात. दूध बंद केल्यावर आठवडाभरातच काही कुत्र्यांचं बूड घासणं कमी होतं, तिथे इसबगोलाचीही गरज पडत नाही. वजन हा दुसरा मुद्दा : जाड कुत्र्यात शेपटीखालची चरबी वाढते आणि पिशवीवर दाब नीट येत नाही. छातीच्या कडेने हात फिरवल्यावर फासळ्या न दाबता बोटाला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर आधी खाणं कमी.

बाकीचा माल

‘ग्लँड च्यू’ आणि पावडरी : डबा उलटा करून घटक वाचा. एका च्यूचं वजन काही ग्रॅमच असतं, त्यातला तंतू त्याहून थोडा. मोठ्या कुत्र्याला सांगितलेल्या एका-दोन गोळ्यांतून मिळणारा तंतू चमचाभर इसबगोलापेक्षा कमीच भरतो. किंमत मात्र कितीतरी पट. इसबगोलाची खळ कोणत्याही युक्तीने न खाणाऱ्या कुत्र्यासाठी हा पर्याय ठीक. सतत सैल शी होणाऱ्यांना त्यातल्या प्रोबायोटिकचा फायदा होऊ शकतो.

कोन, म्हणजे चाटू नये म्हणून गळ्यात घालायची नरसाळ्यासारखी कॉलर : जखम असेल तर लागतोच. मानेभोवती घालायची हवेची फुगीर गादी इथे बहुधा कामाची नाही. ती पुढच्या पायाच्या जखमेला ठीक, पण लांब तोंडाचा, लवचिक कुत्रा ती घालूनही शेपटीखाली सहज पोचतो. प्लॅस्टिकचा, नाकाच्या टोकापुढे पाच-सात सेंटिमीटर जाणारा कोन घ्या, आणि घातल्यावर कुत्र्याला मागे वळू देऊन तपासा. कोनाची कडा शेपटीखाली पोचत असेल तर एक माप मोठा.

वाइप्स : क्लोरहेक्सिडिनचे, बिनवासाचे असतील तर बाहेरची कातडी पुसायला चांगले. बाळांचे सुगंधी वाइप्स तिथे आग करतात. आत काहीही घालू नका. सोफ्यावर स्राव पडला तर आधी टिपून घ्या, घासू नका, मग एन्झाइमचं क्लीनर घालून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. नुसत्या अत्तराच्या फवाऱ्याने दोन वास एकत्र येतात, जात एकही नाही.

घरी स्वतः दाबायला शिकावं का? ज्याच्या ग्लँड वारंवार भरतात अशा शांत कुत्र्यासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली एक-दोनदा हात बसवून घेतला असेल, तर हो. सूज, लाली, रक्त किंवा वेदना असेल तर अजिबात नाही. व्हिडिओ पाहून पहिल्यांदाच करू नका.

ग्लँड रिकाम्या, तरी बूड घासणं चालू

डॉक्टरने सांगितलं पिशव्या रिकाम्या आहेत, आणि कुत्रा तरी घासतोय, तर पुन्हा पुन्हा दाबून घेण्यात अर्थ नाही. शीवर किंवा शेपटीच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे, ओले असताना हलणारे तुकडे दिसतात का बघा. तो पट्टकृमी. प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी लागते. बाजारातल्या बहुतेक मिश्र गोळ्या दहा किलोला एक या हिशेबाने असतात. हा जंत पिसवांतून येतो, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त न करता गोळी दिली तर तो परत येतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ॲलर्जीकडे. जो कुत्रा पंजे चाटतो, कान खाजवतो, पोटावर लाल होतो आणि पावसाळ्यात बिघडतो, त्याच्या गुदद्वाराची कातडीही तशीच सुजलेली असते, आणि सुजेने नळीचं तोंड बंद होतं. दर महिन्याला ग्लँड रिकाम्या कराव्या लागणाऱ्या कुत्र्यांत असे बरेच निघतात. त्यांचा उपाय त्वचेचा आहे : निदान आठ आठवडे, कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचं काटेकोर जेवण करून पाहणं, किंवा खाज थांबवणारं औषध. आठ आठवड्यांत एक बिस्किटही चालत नाही, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेलंही नाही.

जर्मन शेफर्डच्या गुदद्वाराभोवती अनेक छोटी, वाहती भोकं दिसली, तर ते बहुधा ग्लँडचं गळू नसतं, वेगळा आजार असतो आणि त्याला प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात. तिथे ग्लँड दाबणं म्हणजे नुसता छळ.

ऑपरेशन, आणि गाठ

पिशव्याच काढून टाकण्याचं ऑपरेशन शेवटचा पर्याय, पण वाईट पर्याय नाही. आहार, वजन आणि ॲलर्जी सगळं नीट बघूनही गळू परत परत होत असेल, तर दरवर्षी तीन-चार वेळा त्या वेदनेतून नेण्यापेक्षा ते बरं. चालू गळूवर ऑपरेशन करत नाहीत, आधी सूज पूर्ण उतरू देतात. धोके खरे आहेत : पिशवीच्या अस्तराचा तुकडा मागे राहिला तर भोक वाहत राहतं, आणि स्नायूची नस (मज्जातंतू) दुखावली तर शी रोखता येत नाही. हे सांडणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत थांबतं. एकाच बाजूची नस गेली तर दुसरी बाजू सांभाळून घेते, दोन्हीकडची गेली तर मात्र कायमचं. म्हणून सर्जनला सरळ विचारा : अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? पिशवी न उघडता सबंध काढणार का? काढलेली पिशवी तपासणीला पाठवणार का? शेवटच्या प्रश्नाला “गरज नाही” असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली महाविद्यालयं, यांच्या शस्त्रक्रिया विभागांतही दाखवता येतं.

पिशवी तपासणीला पाठवायची ती कर्करोगासाठी. या पिशवीच्या ग्रंथींचा कर्करोग बहुधा वयस्क कुत्र्यांत, एका बाजूला होतो, आणि स्पॅनियल व जर्मन शेफर्ड यांत जास्त दिसतो. गाठ हरभऱ्याएवढी असतानाही तो पोटातल्या लसीका गाठींपर्यंत पोचलेला असू शकतो. बऱ्याचदा कुत्रा बूड घासत नाही, वास येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. कधी पहिली खूण वेगळीच असते : पाणी खूप पिणं, लघवी वाढणं, थकवा, कारण काही गाठींमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मोठ्या लसीका गाठींनी आतून दाबलं की शी चपटी, पट्टीसारखी येते. गाठ सापडली तर कॅल्शियम, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे हे ऑपरेशनच्या आधीच करायचं.

म्हणून सुरुवातीला सांगितलेल्याला एक पुरवणी. निरोगी कुत्र्याच्या ग्लँड रिकाम्या करू नका, पण आठ वर्षांपुढच्या कुत्र्याला वर्षाच्या लसीला नेलं की डॉक्टरला सांगा, “गुदद्वाराची तपासणीही करा, दोन्ही बाजू बोटाने बघा.” कॉकर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. आणि कार्डावर लसीच्या तारखेशेजारी लिहून घ्या : डावी ठीक, उजवी ठीक, गाठ नाही.